इच्छा पूर्ण करणाऱ्या पऱ्या: मुलांच्या गोष्टीत नियम कसे असावेत?

पाणकणीस

मुलांसाठी एक मोठी गोष्ट लिहायला घेतली आहे. विषय जुनाच, माणसांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या पऱ्या. वाचणारी मुलं साधारण आठ ते बारा वर्षांची. गाव कृष्णाकाठचं, पऱ्या राहतात एका पडक्या बारवेत. सुरुवातीची प्रकरणं झरझर उतरली आणि मग घोडं अडलं. परी म्हणाली "माग", मुलीने मागितलं, परीने दिलं. हवं ते मिळाल्यावर पुढे घडायचं काय?

हा पेच इतरांनी कसा सोडवलाय ते बघायला पुस्तकं काढून बसले. सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते एडिथ नेस्बिटच्या 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट'कडून. पुस्तक १९०२ चं, आधी लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आलेलं. केंटमधल्या खेड्यात राहायला आलेली भावंडं एका जुन्या खडीच्या खाणीत खणत बसतात आणि वाळूतून एक परी निघते. पण परी म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं तिच्यात काही नाही. डोळे गोगलगायीसारखे लांब शिंगांच्या टोकाला, कान वटवाघळाचे, अंग कोळ्यासारखं गोल आणि त्यावर दाट लव, हातपाय माकडाचे. पंख नाहीत, छडी नाही. स्वभावाने तिरसट. झोपमोड खपत नाही. पाण्याची धास्ती, कारण हजारो वर्षांपूर्वी एक मिशी भिजली ती अजून दुखते. इच्छा पुरी करायची तर श्वास रोखून अंग फुगवत न्यायचं आणि मग सोडायचं. त्याने ती थकते.

नियम सोपे: दिवसाला एक इच्छा आणि सूर्य मावळला की सगळं नाहीसं. एवढ्यावर नेस्बिटने अख्खं पुस्तक तोललंय. मुलं रूप मागतात, तर घरची मोलकरीण त्यांना ओळखत नाही, दार लावून घेते, संध्याकाळपर्यंत उपाशी. खाण भरून सोनं मागतात, तर नाणी जुनी, दुकानदार घेईनात, शेवटी प्रकरण पोलिसांपर्यंत. पंख मागतात, मनसोक्त उडतात, चर्चच्या मनोऱ्यावर बसून खातात, तिथेच डोळा लागतो आणि सूर्य मावळतो. आता पंख नाहीत आणि खाली उतरायच्या जिन्याचं दार बाहेरून बंद. प्रत्येक वेळी घोटाळा होतो तो मुलांच्या तोंडून निघालेल्या वाक्यातून. "आम्हाला पंख हवेत" म्हणताना संध्याकाळी आपण कुठे असू हे कोणाच्या डोक्यातच नसतं.

माझं मत असं झालंय की अशा गोष्टीत जीव असतो तो नियमात, इच्छेत नाही. मुलांना नियम मनापासून आवडतात. लगोरी खेळताना निम्मा वेळ ती नियमांवरच हमरीतुमरीवर येतात.

तर तुम्हाला विचारायचंय. लहानपणी ऐकलेल्या-वाचलेल्या इच्छापूर्तीच्या गोष्टींतला कोणता नियम अजून लक्षात आहे? आणि मला सतावणारा प्रश्न: परीने द्यावं तरी का? तिला काय पडलंय? जरा सविस्तर लिहा.

चिंचबोरं

मस्त विषय. वाचतेय. वाळूतल्या परीचं पुस्तक लेकीसाठी मागवते.

तिरफळ

पंचतंत्रातला विणकर कोणाला आठवतोय का? पाचव्या तंत्रात, अपरीक्षितकारकात आहे. मंथरक नावाचा विणकर, त्याच्या मागाची लाकडं मोडतात. नवीन लाकूड आणायला रानात जातो, झाडावर कुऱ्हाड उगारतो, तेवढ्यात झाडात राहणारा व्यंतर म्हणतो, हे माझं घर आहे, तोडू नकोस, त्याऐवजी हवं ते माग. विणकर म्हणतो, घरी विचारून येतो. वाटेत न्हावी भेटतो, तो सांगतो राज्य माग. बायको म्हणते, राज्य म्हणजे जन्माची कटकट, त्यापेक्षा आणखी एक डोकं आणि आणखी दोन हात माग, म्हणजे पुढे एक कापड आणि मागे एक कापड विणता येईल. मिळतं. दोन डोकी आणि चार हात घेऊन तो गावात शिरतो, लोकांना वाटतं राक्षस आला, दगड-काठ्यांनी मारून टाकतात.

मी शिक्षक होतो, ही गोष्ट वर्गात कितीतरी वेळा सांगितली. ग्रंथ सगळा दोष बायकोच्या माथी मारतो. मुलांना ते पटत नसे. "ती बरोबरच बोलली गुरुजी, तो विणकरच होता ना," असं म्हणायची. राबणाऱ्या माणसाला आणखी दोन हात हवेसे वाटले यात मूर्खपणा कसला? आणि मग मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा: व्यंतराला तर माहीत असणार लोक घाबरतील, मग तो बोलला का नाही?

पाणकणीसताई, परीने का द्यावं हे तुम्ही विचारता. मुलं त्याच्या पुढचं विचारतात. दिल्यावर तिची जबाबदारी संपते का? व्यंतराचं घर वाचलं, तो सुटला. विणकर मेला.

जुनीपानं

तिरफळ सर, तो प्रश्न फार मोलाचा आहे.

"परीने का द्यावं" याला इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो. युरोपातल्या खेड्यापाड्यांच्या समजुतींतल्या पऱ्या बहुतेक देणाऱ्या नव्हत्याच. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये लोक त्यांना वचकून असत. पाळण्यातलं मूल त्या पळवतात आणि जागी आपलं ठेवतात, या भीतीने बाळाजवळ लोखंड ठेवत. त्यांना 'भली माणसं' म्हणायचं ते त्यांचा राग ओढवू नये म्हणून.

सढळ हाताने देणारी परी घडली ती प्रामुख्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस, पॅरिसमधल्या प्रतिष्ठित बायकांच्या दिवाणखान्यांत. मादाम द'ओल्नुआचा परीकथांचा संग्रह १६९७ मध्ये निघाला. या बाईचं लग्न कोवळ्या वयात तिच्याहून कितीतरी मोठ्या माणसाशी लावून दिलेलं होतं. तिच्या गोष्टींतल्या पऱ्या राजांना खडसावतात, लग्नं जुळवतात आणि मोडतातही. मला यात एक फार जिवंत गोष्ट दिसते. जिला स्वतःच्या लग्नात 'नको' म्हणायची सोय नव्हती, तिने कागदावर अशी बाई उभी केली जिच्यापुढे कोणाचं चालत नाही.

त्याच वर्षी फ्रेंच लेखक शार्ल पेरोची सिंड्रेला छापून आली. भोपळ्याची गाडी, उंदरांचे घोडे, सरड्यांचे हुजरे आणि बाराच्या ठोक्याचा नियम, हे सगळं पेरोचं. ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या सिंड्रेलात परी नाहीच. मुलगी आईच्या थडग्यावर झाडाची डहाळी लावते, रडते, त्या आसवांवर झाड वाढतं आणि त्यावर येणारा पांढरा पक्षी ती मागेल ते खाली टाकतो. मला हीच जास्त भिडते. देणारी का देते हे वेगळं सांगावंच लागत नाही.

अल्लादीनच्या दिव्यातला राक्षस याच्या अगदी उलट. तो हुकमाचा ताबेदार. दिवा ज्याच्या हाती त्याची चाकरी, मग तो दुष्ट जादूगार का असेना. त्याला स्वतःचं मत नाही. पाणकणीस, तुमच्या परीला मत असू द्या.

रानजाई

मी मुलांचं एक छोटं वाचनालय चालवते. धागा वाचला आणि शनिवारी येणाऱ्या मुलांना कागदाचे कपटे वाटले. परी भेटली तर काय मागाल ते लिहा, नाव घालू नका.

सायकल, फोन, कुत्रा, 'शाळा दुपारची व्हावी', हे अपेक्षेप्रमाणे आलंच. 'मला आणखी शंभर इच्छा हव्या' हेही आलं. मग म्हटलं, आता कागद उलटा करा, मागच्या बाजूला अजून एक लिहा. त्या मागच्या बाजू वाचून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. 'आजीला माझं नाव परत आठवू दे.' 'बाबांचा आवाज लहान कर.' 'भाऊ नको होता पण आता आलाय तर लवकर मोठा होऊ दे, खेळायला होईल.' एका कपट्यावर काहीतरी लिहून इतकं खोडलं होतं की रबराने कागद फाटला होता, आणि त्या भोकाशेजारी बारीक अक्षरात 'काही नको' असं लिहिलं होतं.

मला वाटतं तीन इच्छांचा नियम जगभर टिकला तो उगाच नाही. पहिली इच्छा दुकानातली असते. मनातली वर यायला वेळ लागतो. तुमच्या परीने पहिल्याच मागणीला 'तथास्तु' म्हणू नये. तिने विचारावं, "आणि मागच्या बाजूला काय लिहिलंय?"

मावळतीकर

थोडा वेगळा सूर लावतो, कोणी राग मानू नये. मला या प्रकारच्या गोष्टींबद्दल मनापासून शंका आहे.

आमच्या लहानपणी हवी ती वस्तू मिळायला दिवाळीची वाट बघावी लागे, त्यामुळे परीच्या गोष्टीत थरार होता. आज मूल फोनवर बोट ठेवतं आणि संध्याकाळच्या आत माणूस खोकं घेऊन दारात उभा. जादू रोज दारावर येते आहे, आणि ते खोकं कोणी भरलं, कोणी उन्हातून आणलं, हे मुलाला दिसत नाही. त्यात आपण पुन्हा गोष्ट सांगायची की मागितलं की मिळतं? मी मुलीला कष्ट करून काहीतरी मिळवणाऱ्या माणसांच्या गोष्टी वाचून दाखवतो. पऱ्यांचं पुस्तक घरात आणलेलं नाही.

पाणकणीस

@मावळतीकर, राग कसला, ही शंका मलाही महत्त्वाची वाटते. पण नेस्बिटच्या पुस्तकात मुलांना काहीच मिळत नाही हो! संध्याकाळी हातात एकही वस्तू उरत नाही. उरते ती फजिती आणि भावंडांनी मिळून काढलेला मार्ग. मनोऱ्यावरून सुटका होते ती घसा फोडून ओरडल्यामुळे, जादूने नाही. नेस्बिट स्वतः १८८४ मध्ये स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीच्या संस्थापकांपैकी होती, समाजवादी विचारांची. फुकटच्या सोन्याला बाजारात किंमत नाही हे प्रकरण तिने सहज लिहिलं नसावं.

मावळतीकर

@पाणकणीस, बरं, हे पटण्यासारखं आहे. पण मग माझी अडचण दुसऱ्या बाजूने उभी राहते. मागितलं की फजिती, मागितलं की शिक्षा. ग्रिमची कोळी आणि मासा ही गोष्ट घ्या. कोळ्याची बायको झोपडीऐवजी घर मागते, मग वाडा, मग राणीपद, सम्राज्ञीपद, पोपपद, शेवटी देवच व्हायचं म्हणते आणि पुन्हा झोपडीत येऊन पडते. पेरोच्या लाकूडतोड्याला तीन इच्छा मिळतात. एक सॉसेज मागण्यात जाते, दुसरी ते रागाने बायकोच्या नाकाला चिकटवण्यात आणि तिसरी ते काढण्यात. यातून मूल काय घेतं? आहे त्यात गप्प बैस. रानजाईंच्या कपट्यावर ज्याने रबराने कागद फाडला, त्या मुलाला ही गोष्ट सांगावी का?

म्हणजे फुकट देणारी परी मला नको आणि मागितल्याबद्दल चाबूक ओढणारीही नको.

रानजाई

@मावळतीकर, त्या मुलाला ही गोष्ट मी नाहीच सांगणार. तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते मी वहीत उतरवून घेतलं आहे.

इंद्रगोप

बारवेतल्या पऱ्या वाचल्याबरोबर मला साती आसरा दिसल्या. आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते. वर्षातून एकदा हिरव्या बांगड्या, खण, दहीभाताचा नैवेद्य. भर दुपारी तिकडे फिरकायचं नाही अशी सक्त ताकीद. आज कळतं की त्या धाकामुळे आम्ही पोरं खोल पाण्यापासून लांब राहिलो. जुनीपानं यांनी आयर्लंडचं सांगितलं तसंच हे. पाण्याच्या बायका आधी भीतीच्या, मग देण्याच्या.

दुसरं म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या कहाण्या. आदित्यराणूबाईच्या कहाणीत दरिद्री ब्राह्मण रानात जातो, तिथे नागकन्या, देवकन्या वसा वसत असतात. तो विचारतो, बायांनो, हा कसला वसा, मला सांगा. त्या लगेच सांगत नाहीत. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील, म्हणतात. तो कबूल करतो, उतणार नाही, मातणार नाही, मगच सांगतात. देवकन्या आधीच धोका बोलून दाखवतात. तिरफळ सरांच्या मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर इथे आहे. व्यंतर गप्प बसला, या बसल्या नाहीत.

आणि नवसाची रीत तर आपल्या हाडामाशी खिळलेली. पावलं तर फेडायचं. देणारा-घेणारा दोघंही बांधलेले. तेव्हा बारवेतल्या परीलाही माणसाकडून काहीतरी हवं असू द्या. बारव पडकी आहे म्हणता, मग गाळाने भरलेली असणार, झरे बुजलेले. माझ्या डोक्यात आलं ते असं: बारवेला पायऱ्या असतात. परीने एक इच्छा पुरी केली की पाणी एक पायरी खाली जातं. ज्याने मागितलं त्यालाच नाही, सगळ्या गावाला दिसतं.

मावळतीकरांना खोकं आणणारा माणूस दिसायला हवा आहे ना? इथे दिसेल.

तिरफळ

इंद्रगोप, वा! अंगावर काटा आला. आणि पाणी परत चढवायचं तर जादू चालणार नाही, गाळ उपसायला लागेल. हल्ली गावोगावी लोक एकत्र येऊन बारवा साफ करतायत, मुलंही घमेली घेऊन जातात. खरं घडतंय तेच गोष्टीत येईल.

चाफेकळी

धागा फार सुंदर चाललाय, म्हणून धीर करून लिहिते.

सोव्हिएत लेखक वालेन्तिन कतायेवची १९४० सालची एक गोष्ट आहे, सात रंगांच्या पाकळ्या असलेल्या फुलाची. झेन्या नावाच्या मुलीला एक म्हातारी ते फूल देते. पाकळी तोडायची, मंत्र म्हणायचा, इच्छा पूर्ण. सहा पाकळ्या ती अशाच घालवते. एकदा उत्तर ध्रुवावर जाऊन थंडीने कुडकुडते, एकदा जगातली सगळी खेळणी मागते आणि रस्ते खेळण्यांनी तुंबल्यावर ती परत पाठवण्यात आणखी एक पाकळी जाते. शेवटची उरते तेव्हा तिला बाकावर बसलेला वीत्या दिसतो. तो पायाने अधू, पळू शकत नाही. ती शेवटच्या पाकळीने त्याला बरं करते.

लहानपणी मला ही गोष्ट अतिशय आवडायची. मग मी ती माझ्या मुलाला वाचून दाखवली. तो चाकाच्या खुर्चीवर असतो. संपल्यावर म्हणाला, "तिने त्याला विचारलं का?" मी पुस्तक परत चाळलं. नव्हतं विचारलं. मी विचारलं, तुला परी भेटली तर तू काय मागशील? त्याला विचार करावा लागला नाही. आमच्या इमारतीच्या दाराशी पायऱ्या आहेत, तिथे उतार हवा. बाकी काही नाही.

झेन्याचं मन मोठं होतं हे मला आजही वाटतं. पण दुसऱ्यासाठी मागायचं तर आधी त्याला विचारायचं, हा नियम तुमच्या बारवेत असावा अशी कळकळीची विनंती. आणि एक अडचणीचा प्रश्न विचारू? इंद्रगोप यांची पायऱ्यांची कल्पना फार सुरेख आहे, पण तुमच्या बारवेत माझा मुलगा उतरणार कसा?

पाणकणीस

चाफेकळी, तुमचा प्रतिसाद वाचून काम बाजूला ठेवलं. या प्रश्नाचं उत्तर शोधल्याशिवाय पुढचं पान लिहिणार नाही.

टेम्सकाठी

मी इथे इंग्लंडमध्ये असते. नेस्बिटची समाधी केंटमध्ये सेंट मेरी इन द मार्श नावाच्या अगदी छोट्या गावातल्या चर्चच्या आवारात आहे. ती १९२४ मध्ये गेली. दगडाचं स्मारक नाही, साधं लाकडी आहे, तिच्या दुसऱ्या नवऱ्याने केलेलं.

'स्ट्रँड'चा विषय निघालाय तर त्याच मासिकातलं दुसरं परी-प्रकरण सांगते. यॉर्कशरमधल्या कॉटिंग्लीत एल्सी आणि फ्रान्सिस या मावस बहिणींनी १९१७ मध्ये ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांनी ते खरे मानले आणि १९२० च्या नाताळच्या सुमाराला 'स्ट्रँड'मध्ये त्यावर लेख लिहिला. प्रत्यक्षात त्या कागदावर काढून कापलेल्या पऱ्या होत्या, टोपीला लावायच्या लांब टाचण्यांवर उभ्या केलेल्या. बहिणींनी हे उघड सांगितलं ते १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर.

लोक डॉइलना भोळसट म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. १९१८ मध्ये त्यांचा मुलगा गेला होता. पऱ्या खऱ्या असाव्यात ही इच्छा मुलींपेक्षा त्यांची कितीतरी मोठी होती. पाणकणीस, तुमच्या बारवेवर एखादं मोठं माणूसही येऊ द्या, ज्याचं मागणं परीला देता येत नाही. गेलेलं माणूस परत आणणं हे तिच्याही हातात नसावं. मुलांना हे सांगायला कचरू नका. रानजाईंच्या कपट्यांवरून दिसतंच आहे की त्यांना ते माहीत असतं.

पडद्यामागे

मी बालनाट्यं बसवते. व्यवहारातली एक गोष्ट सांगते. नाटकात परीचं काम हौसेने मागून घेतलेली मुलगी तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात कंटाळते. पंख आम्ही तार वाकवून, त्यावर जुन्या ओढणीचं कापड ताणून करतो. इलॅस्टिक खांद्यात रुततं. पुठ्ठ्याची चांदणी काडीला चिकटवलेली असते, तिची चमकी घामाने हाताला लागते. एवढं सगळं सोसून तिला करायचं काय, तर हात वर करून 'तथास्तु'. बाकीची पोरं पळतात, पडतात, भांडतात, ही एका जागी उभी.

म्हणून सांगते, देण्याला कष्ट पडू द्या आणि ते दिसू द्या. वाळूतली परी अंग फुगवते हे नेस्बिटने नेमकं ओळखलं होतं. एका नाटकात आम्ही परीला प्रत्येक इच्छेसाठी जड पाट उचलायला लावला होता. ते काम करणारी मुलगी शेवटच्या प्रयोगापर्यंत खूश होती आणि प्रेक्षकांतली मुलं तिच्याबरोबर श्वास रोखायची. तुमच्या परीला पाणी शेंदू द्या, पोहरा ओढू द्या, हाताला घट्टे पडू द्या.

पाणकणीस

सगळे प्रतिसाद समोर ठेवून लिहायला बसले होते, काय ठरलं ते सांगते.

पाणी एक पायरी उतरण्याचा नियम घेतला. इंद्रगोप, पुस्तक झालं तर तुमचे आभार त्यात छापीन. परी मागणाऱ्याला थेट 'हो' म्हणणार नाही. ती आधी खाली बोट दाखवेल आणि विचारेल, ही पायरी उघडी पडली तर चालेल का तुला? मूल नाही म्हणालं तरी ती रागावणार नाही, हो म्हणालं तरी टोमणा मारणार नाही. मावळतीकर, चाबूक नाही. इच्छा मागणं हा गुन्हा नाही हे परीच्या तोंडी एकदा स्पष्ट येईल, कारण खोडून फाटलेला तो कागद डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसऱ्याबद्दल मागितलं तर परी म्हणेल, त्याला घेऊन ये. इथेच चाफेकळींच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. नायिकेचा मित्र चाकाच्या खुर्चीवर आहे, त्याला आणायचं तर पायऱ्या आडव्या येतात. नायिका खाली जाऊन भांडते. तेव्हा कळतं की परीला वर यायला बंदी कोणी घातलेलीच नव्हती. आजवर माणसंच खाली उतरत आली, तिला वर कोणी बोलावलंच नाही. ती मोटेच्या जागेवरून, दगडी थारोळ्यातून वर येते, हातातला पोहरा ठेवते आणि त्या मुलासमोर जमिनीवर बसते. तो काय मागतो ते अजून मी ठरवलेलं नाही. चाफेकळी, हे प्रकरण तुमच्या मुलाला आधी वाचायला द्यायचं आहे. तो म्हणेल तसं बदलेन.

परी का देते याचं उत्तरही थोडं दिसायला लागलंय. पूर्वी लोक पाण्याला यायचे, बोलायचे, सुखदुःख सांगायचे. नळ आले आणि बारवेवर येणं थांबलं. ती देते कारण तिला ऐकायची सवय आहे. हे अजून कच्चं आहे, पण यातून पुढे जाता येईल.

चाफेकळी

त्याला सांगितलं. म्हणाला, "मोट म्हणजे काय ते आधी दाखव, मग वाचतो." जुने फोटो काढून बसलोय दोघं.

जुनीपानं

परी वर येते हे फार आवडलं. एक सुचवतो. परीला एकदा तरी चुकीचं देऊ द्या आणि ते निस्तरायला मुलांबरोबर राबू द्या. विणकराचा व्यंतर निघून गेला, हिने थांबावं.

मावळतीकर

पुस्तक आलं की घरात आणेन, शब्द देतो. फक्त एक जागा मला मोकळी दिसते. पाणी शेवटच्या पायरीला टेकलं आहे, वैशाख आहे, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी असं मागायला आलं की ज्याला नाही म्हणता येत नाही. आधी ज्यांनी सायकली मागितल्या त्या मुलांना तेव्हा काय वाटेल? शिक्षा म्हणून नाही, खरंच विचारतोय. माझी मुलगी हेच विचारेल.

पाणकणीस

@मावळतीकर, ती मुलं कुदळ-घमेली घेऊन खाली उतरतील असं आत्ता वाटतंय. पण पाणी लागायला किती दिवस लागतात आणि तोवर मागणाऱ्याचं काय होतं, हे लिहितानाच कळेल. बारवेचा गाळ प्रत्यक्ष काढलेल्या कोणी इथे असेल तर सांगा: आधी पाणी उपसतात की आधी गाळ? झरा मोकळा झाला हे कशावरून ओळखतात?

इंद्रगोप

आमच्याकडे उन्हाळ्यात काढला होता. आधी राहिलेलं पाणी उपसायचं, मग माणसांची साखळी करून घमेली वर. तळाशी काळा चिकट गाळ, त्याला वास फार, पहिले दिवस डोकं दुखतं. जुनी भांडी, फुटके माठ, नाणीसुद्धा निघतात. झऱ्याच्या तोंडाशी गाळ पातळ लागतो, पायाखाली गार वाटतं आणि एका जागी बारीक बुडबुडे येतात. आमचे आजोबा त्या जागी आडवा हात धरून बघायचे. बाकी फोनवर सविस्तर सांगतो, निरोप पाठवा.

रानजाई

पाणकणीस, झालेली प्रकरणं मला पाठवा. शनिवारी मुलांना मोठ्याने वाचून दाखवते आणि कुठे चुळबुळ सुरू होते, कुठे "पुढे?" म्हणतात, ते समासात लिहून तुम्हाला परत पाठवते.